स्वस्त पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन घेण्याजोगी आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत. काहींकडे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आधीपासून असते, काही जण घरात पहिलेच शस्त्र आणण्याच्या विचारात असतात, आणि दोघांनाही दुकानातील तीनशे ते साडेसहाशे डॉलरच्या कार्बाइन पाहून घ्यावी की नाही असा प्रश्न पडतो. किमतीच्या आधी कायद्याचा आणि घराचा विचार करावा लागतो, म्हणून तेही प्रश्न येथे घेतले आहेत. कायद्याबद्दलची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. स्वतःच्या प्रकरणात शंका असेल तर शस्त्रकायदा आणि इमिग्रेशन या दोन्हींची जाण असलेल्या वकिलाला विचारावे.

पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन म्हणजे नेमके काय?

खांद्याला दस्ता टेकवून चालवायची, साधारण सोळा इंचांची नळी असलेली, पण रायफलऐवजी पिस्तुलाचे काडतूस वापरणारी बंदूक म्हणजे पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक कार्बाइन १९०२ साली गेऑर्ग लुगर यांनी तयार केलेल्या ९×१९ मिलिमीटर काडतुसासाठी बनवलेल्या असतात. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ची लिव्हर रायफल आणि कोल्टचे रिव्हॉल्व्हर ही दोन्ही .४४-४० या एकाच काडतुसात मिळू लागली, तेव्हा दूरवर राहणाऱ्या माणसाला कमरेच्या आणि खांद्याच्या शस्त्रासाठी एकाच प्रकारचा दारूगोळा बाळगणे शक्य झाले. आजही या बंदुकीचे पहिले आकर्षण तेच आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर कार्बाइन म्हटले की पोलिसांच्या खांद्यावरची, कानपूरच्या कारखान्यात बनणारी स्टर्लिंग घराण्यातील नऊ मिलिमीटरची बंदूक येते. ती स्वयंचलित असते. अमेरिकेत सामान्य नागरिकाला दुकानात मिळणारी कार्बाइन अर्धस्वयंचलित असते, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते.

थोडक्यात उत्तर हवे आहे. घ्यावी की नाही?

ज्याच्याकडे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आहे, जो महिन्यातून निदान एकदा रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जातो आणि ज्याला कमी खर्चात नेमबाजीचा सराव व आनंद हवा आहे, त्याच्यासाठी ती निश्चित घेण्याजोगी आहे. ज्याला घरात एकच लांब बंदूक ठेवायची आहे आणि तिच्याकडून संरक्षण, शिकार, दूरवरचा नेम अशी सगळी कामे हवी आहेत, त्याने ती घेऊ नये. तेवढ्याच पैशांत अधिक उपयोगी रायफल मिळते. आणि जो केवळ स्वस्त आहे म्हणून घेऊन, शंभर गोळ्या झाडून ती कपाटात ठेवणार आहे, त्याने ते पैसे वाचवावेत. सराव नसलेल्या हातात आणि कुलूप नसलेल्या कपाटात बंदूक असणे हा कुटुंबासाठी निव्वळ धोका आहे.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला कार्बाइन विकत घेता येईल का?

सर्वसाधारणपणे नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई केलेली आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वाधिक वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. अनेक जण असा परवाना काढून कायदेशीरपणे खरेदी करतात, परंतु परवान्याची मुदत संपली की अपवादाचे संरक्षणही संपते आणि घरातील बंदूक त्याच दिवसापासून अडचणीची ठरते. शिवाय राज्याचे नियम वेगळे असू शकतात. ग्रीन कार्डधारकाला मात्र संघीय कायद्यानुसार नागरिकाप्रमाणेच खरेदी करता येते. दुकानातील ४४७३ क्रमांकाच्या अर्जावर त्याला आपला परकीय नोंदणी क्रमांक लिहावा लागतो.

येथे दोन गोष्टींकडे आपल्या लोकांचे हमखास दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे, ही मनाई मालकीपुरती मर्यादित नसून ताब्यालाही लागू होते. रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन झाडणे हाही ताबाच आहे. ऑफिसातील मित्रांबरोबर सहज रेंजवर गेलेल्या एच-१बीधारकाला हे कोणी सांगत नाही, आणि रेंजवाला विचारेलच याची खात्री नसते. दुसरी गोष्ट, भारतातून सहा महिन्यांसाठी राहायला येणारे आईवडील बी-२ व्हिसावर असतात. आपण नागरिक असलो तरी तिजोरीची किल्ली किंवा सांकेतिक क्रमांक त्यांना देऊ नये, आणि हौसेखातर त्यांच्या हातात बंदूक देऊन छायाचित्र काढू नये. एच-४वरील पत्नी किंवा पती घरात असेल तर तीच खबरदारी अधिक काटेकोरपणे घ्यावी.

ग्रीन कार्डधारकानेही निर्धास्त राहू नये. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यातील दोषसिद्धी हे देशातून काढून टाकण्याचे स्वतंत्र कारण आहे. जी चूक नागरिकाला दंडावर निभावून नेता येते, तीच चूक ग्रीन कार्डधारकाचे येथील सारे आयुष्य उखडून टाकू शकते.

मित्राच्या नावावर घेऊन मी वापरली तर चालेल का?

अजिबात नाही. अर्जावर खरा खरेदीदार कोण हे विचारलेले असते आणि त्याचे खोटे उत्तर देणे हा संघीय गुन्हा आहे. २०२२च्या कायद्याने दुसऱ्यासाठी अशी खरेदी करण्याला स्वतंत्र गुन्हा ठरवले असून त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत झालेल्या हत्याकांडात वापरलेल्या बंदुकांमध्ये हाय-पॉइंट कंपनीची स्वस्त नऊ मिलिमीटर कार्बाइन होती. ती खरेदी झाली तेव्हा मारेकरी अल्पवयीन होते, आणि ती कार्बाइन त्यांच्या हाती आली ती गन शोमध्ये एका सज्ञान मैत्रिणीने केलेल्या खरेदीतून. ओळखीखातर केलेली खरेदी कुठवर जाऊ शकते याचे याहून भयंकर उदाहरण शोधण्याची गरज नाही.

कोणत्या राज्यांत अडचण येते?

टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना यांसारख्या राज्यांत साध्या कार्बाइनच्या खरेदीत फारसे अडथळे नाहीत. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने ज्या राज्यांत राहतात त्यांपैकी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय आणि वॉशिंग्टन येथे मात्र चित्र वेगळे आहे. कॅलिफोर्नियात १० दिवसांची प्रतीक्षा आहे, दहापेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) विकत घेता येत नाही आणि मूठ, दस्ता, नळीचे टोक यांच्या रचनेवरून बंदूक 'असॉल्ट वेपन', म्हणजे बंदी असलेल्या गटातील शस्त्र, ठरू शकते. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र काढावे लागते आणि तेथेही दहा काडतुसांचीच मर्यादा आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२पासून अर्धस्वयंचलित रायफलसाठी परवाना लागतो. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२३पासून आणि वॉशिंग्टनमध्ये एप्रिल २०२३पासून विक्रीवर व्यापक बंदी आहे, जिच्यात घडीच्या अनेक कार्बाइन येतात. या कायद्यांवर न्यायालयांत खटले चालू असल्याने नियम बदलत राहतात. म्हणून आधी आपल्या राज्यात काय विकले जाते ते स्थानिक परवानाधारक दुकानात विचारावे आणि मगच मॉडेल निवडावे. उलट क्रमाने गेलेल्यांचे पैसे अडकतात.

लांब नळीमुळे गोळीची ताकद किती वाढते?

जाहिरातींतून वाटते त्यापेक्षा कमी. नऊ मिलिमीटरची ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) साधी गोळी चार इंची नळीच्या पिस्तुलातून सेकंदाला सुमारे ११५० फूट वेगाने सुटते. सोळा इंची नळीतून तीच गोळी सुमारे १३०० फुटांपर्यंत जाते. ऊर्जेच्या भाषेत हा फरक साधारण ३४० फूट-पाउंडांवरून ४३० फूट-पाउंडांवर जाण्याचा आहे. तुलनेसाठी, .२२३ या रायफलच्या काडतुसाची ५५ ग्रेनची गोळी रायफलमधून अकराशे ते साडेबाराशे फूट-पाउंड ऊर्जा घेऊन निघते. याचे कारण सोपे आहे: पिस्तुलाच्या काडतुसात दारू थोडी असते आणि ती लवकर जळून संपते, त्यामुळे नळीचा पुढचा भाग गोळीला फारसे काही देऊ शकत नाही. १४७ ग्रेनच्या जड गोळीत तर वेगातील वाढ आणखी कमी असते.

अंतराचेही तसेच आहे. ५० यार्डांवर नेम जुळवला तर हीच गोळी १०० यार्डांवर सुमारे पाच इंच खाली लागते आणि १५० यार्डांवर दीड फुटाहून अधिक खाली जाते. म्हणून १०० यार्ड ही या बंदुकीची व्यावहारिक मर्यादा समजावी. हरणाच्या शिकारीसाठी ती घेऊ नये. प्राण्याला जखमी करून हाल करणारा फटका मारण्यात काहीही अर्थ नाही.

मग तिचा खरा फायदा कोणता?

नेम लागणे. पिस्तूल हातात धरून नेम साधणे ही कठीण कला आहे. नळी आखूड असते, नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणांतील अंतर कमी असते, आधार फक्त दोन हातांचा असतो आणि चाप ओढताना बोट जरा वाकडे पडले की गोळी भलतीकडे जाते. कार्बाइनला दोन हात, खांदा आणि गाल असा चार ठिकाणी आधार मिळतो. पिस्तुलाने १५ यार्डांवर ताटाएवढ्या कागदाला चुकणारा नवखा माणूस कार्बाइनने ५० यार्डांवर त्याच कागदाला लागोपाठ गोळ्या मारतो, हे कोणत्याही रेंजवर पाहायला मिळते. ज्यांचे मनगट कमजोर आहे, ज्यांना संधिवात आहे किंवा ज्यांना पिस्तुलाचा स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचणे जड जाते, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे, मात्र काही कार्बाइनचे बोल्टही (काडतूस मागून धरणारा सरकता भाग) खेचायला कडक असतात, त्यामुळे दुकानात स्वतः खेचून पाहावे.

दुसरा फायदा जागेचा आहे. शहरांजवळच्या बऱ्याच बंदिस्त रेंजवर रायफलच्या काडतुसांना परवानगी नसते, पण नऊ मिलिमीटरची कार्बाइन चालते. पिस्तुलाच्या वेगाची गोळी योग्य प्रतीच्या पोलादी लक्ष्यावर रायफलपेक्षा कितीतरी जवळून, रेंजने ठरवलेल्या अंतरावरून मारता येते, आणि पोलादावर गोळी लागल्याचा टणत्कार नवशिक्याला जे शिकवतो ते कागदावरचे भोक शिकवत नाही. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनने २०१६मध्ये आपल्या स्पर्धांत अशा कार्बाइनसाठी स्वतंत्र गट सुरू केला, तेव्हापासून त्यांची लोकप्रियता झपाट्याने वाढली.

धक्का कमी बसतो का?

पिस्तुलापेक्षा कमी बसतो, पण लोकांना अपेक्षित असतो तितका कमी नाही. बहुतेक स्वस्त कार्बाइन 'ब्लोबॅक' पद्धतीच्या असतात. त्यांत नळी बंद करणारी कोणतीही कुलूपरचना नसते. बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच गोळी नळीबाहेर जाईपर्यंत काडतूस जागच्या जागी धरले जाते. त्यासाठी बोल्ट जड करावा लागतो आणि तो जड बोल्ट मागे-पुढे आदळताना खांद्याला ठोसा जाणवतो. कुलूपरचना असलेली .२२३ची रायफल कितीतरी शक्तिशाली काडतूस झाडूनही अनेकदा अधिक मवाळ वाटते. ब्लोबॅकच्या बाजूने एवढे म्हणता येते की तिच्यात भाग थोडे, बिघाड थोडे आणि बनवण्याचा खर्चही थोडा. स्वस्ताईचे रहस्य हेच आहे.

स्वस्तात कोणते पर्याय आहेत?

सर्वांत खालच्या पायरीवर ओहायोतील मॅन्सफिल्ड येथील हाय-पॉइंटची ९९५ आहे. नवी बहुधा तीनशे ते चारशे डॉलरच्या आसपास मिळते. ती दिसायला ओबडधोबड आहे, आकारमानाच्या मानाने जड आहे, तिचे मॅगझिन एकेरी रांगेचे आणि दहाच काडतुसांचे आहे आणि साफसफाईसाठी ती उघडणे किचकट आहे. तरीही तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. कंपनीच्या मूळ मॅगझिनसह ती मुकाट्याने चालते, ५० यार्डांवर नेम चांगला लागतो आणि कंपनीची हमी आजीवन असून बंदूक दुसऱ्याला विकली तरी ती हमी नव्या मालकाला मिळते. कष्टाच्या पैशांतून पहिली कार्बाइन घेणाऱ्याने तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. इतर कंपन्यांची वीस काडतुसांची मॅगझिन मात्र टाळावीत. तिच्याबद्दलच्या तक्रारींतील मोठा वाटा त्यांचा असतो. जेथे दहाचीच मर्यादा आहे अशा राज्यांत दहाच काडतुसांचे तिचे उणे आपोआप बाद होते.

फ्लोरिडातील केल-टेकची सब-२००० ही २००१पासूनची बंदूक मधोमध दुमडून सोळा-सतरा इंचांची होते आणि वजनाला जेमतेम सव्वाचार पाउंड भरते. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांची मॅगझिन घेणारे मॉडेल लोकप्रिय आहे. ज्याच्या घरी ग्लॉक १७ किंवा १९ आहे त्याला निराळी मॅगझिन घ्यावी लागत नाहीत. परंतु ही बंदूक ठेवायला जितकी सोयीची तितकी चालवायला सुखाची नाही. चाप खरखरीत आहे, हलकेपणामुळे धक्का जाणवतो, बोल्ट खेचायची मूठ दस्त्याच्या नळीखाली असल्याने काडतूस अडकले तर ते सोडवणे अवघड जाते, आणि गाल थेट कठीण नळीवर टेकतो. जुन्या आवृत्त्यांत दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारे साधन) बसवला की बंदूक दुमडता येत नसे. तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरवण्याची सोय करून हा दोष दूर केला आहे. जागेची खरी टंचाई असेल तर ती घ्यावी, नाहीतर नाही.

रुगर कंपनीची पीसी कार्बाइन २०१७च्या अखेरीस आली. ती 'स्वस्त' या शब्दाच्या वरच्या टोकाला, साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे डॉलरला पडते. ती दोन भागांत सुटी होते, रुगरची आणि जोडभाग बदलून ग्लॉकची मॅगझिन घेते, आणि तिच्या बोल्टमध्ये टंगस्टनचे सरकते वजन असल्याने ब्लोबॅकचा ठोसा बराच बोथट होतो. चाप इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगला आहे. वजन मात्र सुमारे पावणेसात पाउंड आहे. ज्याला एकदाच घ्यायची आहे आणि पुढची वीस वर्षे वापरायची आहे त्याला मी हीच सुचवीन, आणि दोनशे डॉलर साठेपर्यंत थांबावे असेही सुचवीन. २०२३मध्ये आलेली स्मिथ अँड वेसनची एफपीसी साधारण याच किमतीची आहे. ती आडवी दुमडते, आणि त्याच कंपनीचे एम अँड पी पिस्तूल ज्याच्याकडे आहे त्याने तिचा विचार जरूर करावा.

एवढ्याच पैशांत एआर-१५ मिळत असेल तर?

मिळते. साध्या बनावटीची एआर-१५ (बहुधा .२२३ काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल) साडेचारशे-पाचशे डॉलरला मिळू लागल्यापासून स्वस्त कार्बाइनची बाजू कमजोर झाली आहे. ताकद, पल्ला, सुटे भाग, प्रशिक्षणाची उपलब्धता या प्रत्येक बाबतीत एआर सरस आहे. कार्बाइन सरस ठरते ती दारूगोळ्याच्या खर्चात, बंदिस्त रेंजवर आणि आवाजात. आवाज कमी असला तरी तो श्रवणशक्तीला घातक ठरणाऱ्या १४० डेसिबलच्या वरच असतो, म्हणून कानांना संरक्षण हवेच.

शुद्ध शिकण्यासाठी घ्यायची असेल तर तिसरा पर्याय या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा आहे, तो म्हणजे .२२ ची रायफल. १९६४पासून बनत असलेली रुगर १०/२२ हाय-पॉइंटच्याच किमतीला मिळते, धक्का जवळजवळ नसतो आणि नेमबाजीची सगळी मूलतत्त्वे तिच्यावर शिकता येतात. मुलांना शिकवायचे असेल तर मी दुसऱ्या कोणत्याही बंदुकीपासून सुरुवात करणार नाही.

घराच्या संरक्षणासाठी ती योग्य आहे का?

चालेल, पण दोन अटींवर. अमेरिकेतील घरे लाकडी सांगाड्याची आणि जिप्सम बोर्डाच्या भिंतींची असतात. पुण्या-मुंबईच्या विटांच्या भिंतींची सवय असलेल्या माणसाला याचा अर्थ पटकन उमगत नाही. नऊ मिलिमीटरची साधी गोळी अशा अनेक भिंती एकामागून एक पार करते, आणि टाउनहाउसमध्ये पलीकडच्या भिंतीमागे शेजाऱ्यांची मुले झोपलेली असू शकतात. पसरणारी पोकळ टोकाची गोळी वापरल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. माणसाला थांबवण्याइतकी ताकद असलेली प्रत्येक गोळी भिंतीतून जाते असे धरूनच आपल्या घरात कोणत्या दिशेला गोळी झाडता येणारच नाही हे आधी ठरवून ठेवावे. पोकळ टोकाच्या गोळ्या पिस्तुलाच्या वेगासाठी आखलेल्या असतात. कार्बाइनच्या वाढलेल्या वेगात हलक्या गोळ्या लवकर पसरून कमी खोल जातात, म्हणून १२४ किंवा १४७ ग्रेनच्या गोळ्या अधिक भरवशाच्या. न्यू जर्सीत अशा गोळ्यांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत, ते पाहून घ्यावे.

दुसरी अट अशी की संरक्षणासाठी निवडलेल्याच गोळ्यांच्या निदान शंभर-दोनशे फैरी एकही अडथळा न येता झाडून पाहिल्याशिवाय त्या बंदुकीवर भिस्त ठेवू नये. स्वस्त कार्बाइन गोल टोकाच्या गोळ्या सुरळीत घेतात आणि पोकळ टोकाच्या गोळ्यांवर अडखळतात, असे घडू शकते. लांब बंदूक हातात असताना दार उघडणे, मूल उचलणे किंवा ९११ला फोन लावणे अवघड जाते याचाही विचार करावा.

बंदुकीच्या किमतीशिवाय किती खर्च येतो?

लोक येथेच हिशेब चुकतात. नऊ मिलिमीटरची एक साधी गोळी अलीकडच्या काळात साधारण पाव डॉलरला पडते; .२२३ची त्याच्या जवळजवळ दुप्पट, तर .२२ची सात ते दहा सेंट. महिन्याला केवळ १०० गोळ्या झाडल्या तरी वर्षाला तीनशे डॉलर होतात, म्हणजे पहिल्याच वर्षी दारूगोळा हाय-पॉइंटच्या किमतीला गाठतो. त्यात रेंजचे शुल्क, कान व डोळ्यांचे संरक्षण, दोन-तीन जादा मॅगझिन, साफसफाईचे साहित्य, विक्रीकर आणि इंटरनेटवरून मागवल्यास स्थानिक दुकानाचे हस्तांतर शुल्क मिळवावे. या यादीत तिजोरीचा खर्च सर्वांत वर लिहावा. ज्याच्या एकूण अंदाजात तिजोरी बसत नाही, त्याच्या अंदाजात बंदूकही बसत नाही.

घरात लहान मुले आहेत. कशी ठेवावी?

रिकामी, कुलूपबंद तिजोरीत, आणि दारूगोळा वेगळ्या कुलपात. संरक्षणासाठी भरून ठेवायचीच असेल तर ती बटणांच्या सांकेतिक क्रमांकाने उघडणाऱ्या, भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या केलेल्या तिजोरीतच असावी. पलंगाखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीमागे ठेवलेली बंदूक मुलांना सापडत नाही, ही पालकांची समजूत आहे. मुलांना घरातील प्रत्येक जागा ठाऊक असते. अनेक राज्यांत मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणे गुन्हा आहे. तिजोरी घेईपर्यंत निदान केबल लॉक लावावे. नव्या बंदुकीबरोबर ते बहुधा येतेच, आणि बऱ्याच पोलीस ठाण्यांत मोफत मिळते.

याहूनही कठीण गोष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्या घरांत ती बोलली जात नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ साली अशा एकूण ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. नोकरी गेल्यावर व्हिसाची टांगती तलवार, एकटेपणा, परीक्षेच्या दडपणाखालील किशोरवयीन मूल, नैराश्यावर उपचार घेणारी व्यक्ती, यांपैकी काहीही घरात असेल तर आत्ता बंदूक आणू नये, आणि आधीच असेल तर ती काही काळ घराबाहेर कायदेशीररीत्या सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी. अनेक दुकाने आणि काही ठिकाणी पोलीस अशी सोय देतात. मन खचले असेल तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते. तेथे फोन करण्यात कसलाही कमीपणा नाही.

रेंजवरून आल्यावर काही काळजी घ्यावी लागते का?

हो, शिशाची. गोळीत आणि काडतुसाच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) शिसे असते आणि बंदिस्त रेंजवर त्याची धूळ हातांवर, केसांत, कपड्यांवर बसते. हात आणि तोंड थंड पाण्याने व साबणाने धुवावे, रेंजवर काही खाऊ नये, कपडे वेगळे धुवावेत, आणि बूट घराबाहेर काढावेत, ते तर आपण एरवीही करतो. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी बंदिस्त रेंजपासून दूरच राहावे.

घडीची कार्बाइन पाठीवरच्या पिशवीतून नेली तर चालते का?

गृहीत धरू नये. काही राज्यांत लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना फक्त पिस्तुलापुरता असतो आणि कार्बाइन कायद्याने रायफल ठरते. रिकामी करून, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत नेणे ही सर्वांत सुरक्षित रीत आहे. नळी सोळा इंचांपेक्षा आखूड करण्याचा विचारही मनात आणू नये. १९३४च्या कायद्याखाली तशा रायफलची आधी नोंदणी करावी लागते. १ जानेवारी २०२६पासून या नोंदणीवरील दोनशे डॉलरचा कर रद्द झाला आहे, नोंदणी रद्द झालेली नाही.

जुनी घ्यावी का?

ब्लोबॅक कार्बाइन साधी असल्याने जुनी घेण्यात धोका कमी आहे. रिकामी असल्याची खात्री करून नळीतून प्रकाशात पाहावे, नळीत कड्यासारखा फुगवटा दिसत असेल तर घेऊ नये; पुढे अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडल्याची ती खूण असू शकते. बोल्ट सावकाश आणि जोरात दोन्ही प्रकारे खेचून पाहावा, सेफ्टी लावून चाप ओढून पाहावा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक परत मागवलेल्या बंदुकांत आहे का ते तपासावे. अनोळखी माणसाकडून घेताना राज्यात सक्ती नसली तरी व्यवहार परवानाधारक दुकानातून, पार्श्वभूमी तपासणी करूनच करावा.

भारतात परत जाताना ती नेता येईल का?

नाही. भारताच्या शस्त्र नियमांत नऊ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस घेऊ शकणारी कोणत्याही बोअरची पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन प्रतिबंधित गटात येतात. परत जाण्याचे ठरले की ती येथेच कायदेशीरपणे विकावी.

सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र फार महत्त्वाची आहे. रेंजवर नेलेली पिशवी विमानप्रवासासाठी कधीही वापरू नये. अस्तराच्या कोपऱ्यात राहिलेले एकच जिवंत काडतूस मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या विमानतळावरील तपासणीत सापडले तर शस्त्र अधिनियम १९५९खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते नकळत राहिले होते हे न्यायालयात पटवून गुन्हा रद्द करून घेतलेल्यांची उदाहरणे आहेत, परंतु तोपर्यंत पोलीस ठाणे, जामीन, वकील आणि चुकलेले परतीचे विमान यांत सुट्टी आणि कधीकधी नोकरीही जाते. रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची घ्यावी, तिजोरीशेजारीच ठेवावी, आणि घरातील कोणी ती प्रवासासाठी उचलणार नाही असे सर्वांना सांगून ठेवावे.